मोनिकाच्या वजनाची बाजरी

संगमनेरच्या ज्या डेअरीत कल्याण कामाला होता, तिथं त्याच्या हाताची मोठी ख्याती होती. दुधाचा कॅन नुसता उचलला की आत किती दूध आहे ते तो सांगायचा, आणि काटा त्याला दुजोरा द्यायचा. प्रयोगशाळेतलं त्याचं खरं काम फॅट तपासायचं, दुधातलं पाणी पकडायचं. पण लोकांना ही हाताच्या तोलाची गंमतच जास्त आवडायची. त्याची बायको अश्विनी मात्र त्याला भाजीबाजारात नेत नसे. भाजीवाला वजन करत असतानाच हा "कमी आहे" म्हणायचा आणि मग भांडण ठरलेलं. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की कल्याण सरळ उठून जाई. त्याला त्या गोष्टींचा राग नव्हता, कंटाळा होता.

म्हणूनच रविराजने फोन करून "एका पोरीच्या वजनाची बाजरी घेऊन कळसूबाई चढायचीय, येतोस का?" असं विचारलं, तेव्हा याने उलट विचारलं, "पोरीचं वजन किती?"

रविराज त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. मूळचा पाथर्डीकडचा, आणि शिक्षण संपल्यावर हट्टाने तिकडेच परत गेलेला. दिवाळी झाली की पाथर्डीतली निम्मीअधिक घरं कुलपं लावून ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या आणि त्यांच्यामध्ये कोंबलेली पोरं. पोरांची शाळा बुडू नये म्हणून रविराज हंगामापुरतं वसतिगृह चालवायचा. यंदा पोरं वाढली आणि धान्य पुरेना. वर्गण्या मागून मागून लोक कंटाळले होते. मग त्याच्याच डोक्यातून ही शक्कल निघाली. वसतिगृहातल्या एका मुलीच्या वजनाची बाजरी पाठीवर घेऊन दोघा मित्रांनी राज्यातल्या सगळ्यात उंच डोंगरावर जायचं, माथ्यावरून मोबाईलवर चित्रण दाखवायचं, आणि संगमनेरच्या काही व्यापाऱ्यांनी हंगाम संपेपर्यंत पुरेल एवढं धान्य वसतिगृहाला द्यायचं. व्यापाऱ्यांनाही कल्पना आवडली. निदान बघायला काहीतरी होतं.

चढाईच्या आदल्या दिवशी सकाळी कल्याण पाथर्डीला पोचला तेव्हा अंगणातल्या लिंबाला दोन पारड्यांचा जुना तराजू टांगला होता. एका पारड्यात मोनिका. दुसरीत शिकणारी, वसतिगृहातली सगळ्यात हलकी पोर. गाल आत गेलेले, डोळे मात्र टपोरे, आणि फ्रॉकच्या खिशात चिंचा. तराजू हलला की ती खिदळायची आणि दोऱ्या घट्ट धरायची. समोरच्या पारड्यात रविराज ओंजळीने बाजरी टाकत होता. शेवटी पारडी एका रेषेत आली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि कल्याणने मोनिकाला उचलून खाली घेतलं. सतरा किलोला थोडी कमी, त्याच्या हातांनी नोंद घेतली.

पोरांचं सगळं बघणाऱ्या सविताताई तोंडाला पदर लावून बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, वर नेऊन ही बाजरी कुणाला द्यायची?"

"कुणाला कशाला? परत आणायची. पोरांना त्याच्या भाकरी करून घाला. कळसूबाई चढून आलेली बाजरी!"

"तसं करत न्हाईत सर. तुला करून तोललेलं धान्य, ज्याला तोललं त्याच्या घरात परत आनत न्हाईत. देऊन टाकायचं आस्तं. आन् जिवंत लेकराची तुला अशी कायबी कारन नसताना करत न्हाईत."

"अहो ताई, ही तुला नाही, कार्यक्रम आहे," रविराज हसून म्हणाला. त्यावर सविताताईही हसल्या, पण बाजरी गोणीत भरायला त्यांनी हात लावला नाही.

फोटोसाठी मोनिकालाही पायथ्यापर्यंत न्यायचं होतं, म्हणून सोबतीला सविताताईही निघाल्या. जीपमध्ये ती सगळी वाट कल्याणच्या मांडीवर बसून होती. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि लहान पोरांशी काय बोलायचं ते त्याला कळत नसे. पण हिला बोलायची गरजच नव्हती. ती एकेक चिंच चोखायची आणि चिंचोका त्याच्या हातावर ठेवायची. संध्याकाळी पायथ्याच्या बारी गावात पोचल्यावर तिच्या आईचा फोन आला. बाई कर्नाटकात कुठल्याशा उसाच्या फडावर होती. गेल्या वर्षी पोरीला बरोबर नेलं आणि तिथं तापाने ती मरता मरता वाचली, म्हणून यंदा काळजावर दगड ठेवून मागे सोडलेली. रविराज गाडीतून सामान काढत होता, त्यामुळे फोन कल्याणने घेतला.

"दादा, पोरगी निजती का नीट?"

"ताई, काळजी करू नका," कल्याण म्हणाला. "जशी सोडून गेलात तशीच्या तशी तुमच्या हातात देऊ."

एरवी तो असं घाऊक आश्वासन कुणाला देत नसे. पण त्या क्षणी त्याला ते मनापासून द्यावंसं वाटलं.

सकाळी उजाडता उजाडता ते निघाले. आठवड्यातला मधला वार असल्यामुळे गर्दी नव्हती. भात कापून झालेली खाचरं, त्यांत उभ्या पेंढ्याच्या उडव्या, आणि त्यांच्यामागे डोंगर, एकावर एक ठेवल्यासारखा. मोनिका जीपच्या मागच्या सीटवर चादर घेऊन बसली होती. तिच्याजवळ सविताताई थांबल्या. गोणी रविराजने मोठ्या सॅकमध्ये घातली होती. पट्टे खांद्याला काचू नयेत आणि गोणी हलू नये म्हणून सविताताईंनीच शेवटी जुनी शाल आणून दिली. ती सॅकवरून गुंडाळून मागे गाठ मारली होती.

पहिला टप्पा रविराजने नेला. तो गडी अंगाने आडवा, त्यात बोलण्याची हौस. "काहीच नाही रे वजन," तो सारखा म्हणत होता. ओढा ओलांडून वाट चढाला लागली तसा कल्याण त्याच्या मागून चालू लागला. गोणीचं वरचं तोंड शालीतून थोडं बाहेर आलं होतं आणि रविराजच्या पावलागणिक एका बाजूला कलत होतं. डुलकी लागलेल्या पोराची मान पडते तसं. कल्याणने दोनदा ते सरळ केलं. दोन्ही वेळा ते पुन्हा त्याच बाजूला, रविराजच्या उजव्या खांद्यावर, टेकलं.

समोरून तीन-चार बाया उतरत होत्या, डोक्यावर सरपणाचे भारे. त्यातली एक रविराजच्या पाठीकडे बघून हळूच म्हणाली, "निजली जनू." दुसरीने तिला कोपर मारलं आणि सगळ्या खाली बघत पुढे गेल्या.

"काय म्हणाल्या?" रविराजने विचारलं.

"शाल बघून त्यांना मूल वाटलं."

"वाटू दे की! चित्रणात हे सांगितलं पाहिजे." रविराज खूश झाला.

पहिल्या लोखंडी शिडीच्या अलीकडे त्यांनी ओझं बदललं. कल्याणने पट्टे खांद्यावर घेतले, उठला, आणि थबकला. सतरा नव्हे. वीस, कदाचित बावीस. त्याने खांदे हलवून पुन्हा अंदाज घेतला. हा हात तर त्याचा कधी चुकत नसे. मग त्याने स्वतःशीच हिशोब लावला: चढ आहे, दम लागलाय, हातावर तोलणं वेगळं आणि पाठीवर वेगळं. पटण्यासारखं होतं. तरी पहिल्या शिडीवर पाय ठेवताना त्याने नकळत एक हात मागे नेऊन गोणीला खालून आधार दिला, आणि मग ते लक्षात आल्यावर झटकन काढून घेतला.

शिडीच्या वर सपाटीला भागूबाईचं सरबताचं खोपटं होतं. वर पेंढा, चार बांबू, एक बाकडं. म्हातारीने लिंबं पिळली, दोन पेले भरले, आणि मग खालून एक लहान स्टीलची वाटी काढून तीही भरली.

"ही कुणाला?" रविराज म्हणाला.

"पोरीला न्हाई का?"

"मावशी, पोरगी नाही ती. बाजरी आहे," कल्याणने सांगितलं. त्याने तराजूपासून वसतिगृहापर्यंत सगळं नीट समजावून सांगितलं, कारण गैरसमज तसाच राहू देणं त्याला जमत नसे. भागूबाई ऐकत होती. मग तिने ओला हात लुगड्याला पुसला आणि शालीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"जिवंत लेकरू तोललं?"

"हो."

"मंग हे घरला न्हेऊ नका परत. तोललेलं परत न्हेत न्हाईत. वरच सोडा, देवीच्या दारात."

"बघू," रविराज म्हणाला. त्याने कल्याणला डोळा मारला. वाटीतलं सरबत कुणी प्यायलं नाही. निघताना कल्याणने बघितलं तर भागूबाई ती वाटी धुवायला न घेता तशीच बाकड्यावर ठेवून आत गेली होती.

थोडं वर गेल्यावर कल्याणच्या मोबाईलला रेंज आली आणि लगेच सविताताईंचा फोन आला. "सर, काय न्हाई, सहज केला. मोनिका निजलीय. तुमी गेलात आन् तवाच निजली. हाक मारली तरी उठंना."

"रात्री नवीन जागेत झोप झाली नसेल," कल्याण म्हणाला. "ताप आहे का?"

"ताप न्हाई. उलट अंग गार लागतंय. निजू दे म्हनलं."

गार अंग, गाढ झोप. गाडीत गारठा असेल, असं तो म्हणाला, आणखी एक पांघरूण घाला, आणि ती उठली की लगेच फोन करा. फोन ठेवून त्याने पट्टे आवळले. तेव्हा पहिल्यांदा त्याला मानेवर ऊब जाणवली.

ऊन पाठीवर होतं, मान्य. पण ऊन येतं आणि राहतं. ही ऊब यायची आणि जायची. कल्याण थांबला. त्याने स्वतःचा श्वास रोखून धरला. मानेवरची ऊब आली, गेली. आली, गेली.

"काय झालं?" रविराजने खालून विचारलं.

"काही नाही."

वारा असेल. वाऱ्याची झुळूक दगडावर आपटून तापून येत असेल. असं काही होतं का, हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीचा आपण आधार घेतोय याची त्याला लाज वाटली. मधूनच वास आला. आंबट, ओला. चिंचेचा. बाजरीला असा वास नसतो. पण गोणी पूर्वी कशासाठी वापरली असेल कुणाला ठाऊक. चिंचेसाठीच असेल. पाथर्डीत चिंचा काय कमी आहेत?

पुढच्या शिडीवर रविराजचा पाय पायरीवरून घसरला. पडला नाही, पण गुडघा लोखंडावर आपटला आणि बघता बघता सुजला. त्याने दोन पावलं टाकून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "मी चढेन रे, हळूहळू. पण ओझं नाही जमायचं मला आता."

"असू दे. मी नेतो," कल्याण म्हणाला. मनातून त्याला रडू यावं असं झालं होतं. पंचवीस. आता पक्के पंचवीस.

शिडी उभी होती. दोन्ही हातांनी कठडे धरून तो चढला, आणि वर पोचून वाकला तेव्हा त्याला गळ्याशी काहीतरी आवळलेलं लागलं. शालीची गाठ. दोन्ही टोकं पुढे आलेली आणि गाठ हनुवटीखाली. सकाळी ती मागे, गोणीच्या पाठीवर मारली होती, हे त्याला स्वच्छ आठवत होतं.

"रव्या, गाठ तू बदललीस?"

"कसली गाठ? मी कशाला हात लावू? मला माझाच पाय झालाय जड."

कल्याणने गाठ सोडायला बोटं घातली आणि मग, का ते त्याला नंतरही सांगता आलं नाही, तशीच राहू दिली.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. तिथून एक म्हातारा पाण्याची कळशी घेऊन येत होता. धोतर, डोक्याला मळका पटका. वाट अरुंद, म्हणून तो कडेला थांबला. त्याने कल्याणकडे पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि ओळखीचं हसला.

"कुनाची पोरगी?"

"बाजरी आहे बाबा," कल्याण म्हणाला. हे तो आता इतक्यांदा म्हणाला होता की ते त्याचं त्यालाच खोटं वाटायला लागलं होतं.

"ते मला सांगशील रं. डोंगराला काय सांगशील?" म्हाताऱ्याने कळशी या हातातून त्या हातात घेतली. "न्हेली तशी खाली आन. लेकरू वर ठिवून जायाचं न्हाई. वर लई वारा आस्तो."

"पण खाली एक मावशी म्हणाल्या, परत नेऊ नका."

"त्या धान्याचं सांगत्यात."

"धान्यच आहे हे!"

म्हातारा मान हलवत खाली उतरला. कल्याणने रविराजकडे पाहिलं. रविराज कठड्याला टेकून गुडघा चोळत होता. त्याने काही ऐकलं नव्हतं.

माथ्यावर लहानसं देऊळ आहे, शेंदराने माखलेलं, आणि चारही बाजूंना मोकळं आभाळ. खाली भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे रतनगड, अलंग, कुलंग, एकामागे एक उन्हात निळे पडत गेलेले. वारा इतका होता की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. रविराजने मोबाईल काढला आणि बाजरीबद्दल, पोरांबद्दल, कल्याणबद्दल जोरजोरात बोलू लागला. व्यापाऱ्यांचे संदेश धडाधड यायला लागले. काम झालं होतं. वसतिगृहाचा हंगाम निघाला होता.

कल्याणने गाठ सोडली, पट्टे काढले आणि सॅक देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवली. खाली ठेवली तरी त्याने एक हात तिच्यावरच ठेवला होता. ती कलंडू नये म्हणून, असं तो मनाशी म्हणाला.

मग त्याने ठरवलं की आता बघायचंच. शंकेला दुसरा उपाय नसतो. दुधाचा संशय आला की नमुना घ्यावा लागतो. त्याने शाल बाजूला केली, गोणीच्या तोंडाची सुतळी सोडली. आत बाजरी. बारीक, हिरवट, चांगल्या प्रतीची बाजरी. त्याला हसू आलं. त्याने मूठभर काढून वास घेतला. नुसता धान्याचा वास.

ओलसर धान्य पोत्यात आतून तापतं, हे त्याला माहीत होतं. म्हणजे ऊब त्याचीच. खात्री करायला त्याने हात मनगटापर्यंत आत घातला. कोमट. कोपरापर्यंत घातला. चांगलंच ऊबदार.

मधोमध त्याचं बोट कुणीतरी धरलं.

जोराने नाही. रस्ता ओलांडताना धरतात तसं.

कल्याण हलला नाही. वारा शालीला फडफडवत होता. रविराज पलीकडे ओरडून कुणालातरी धन्यवाद देत होता.

बोटावरची पकड किंचित घट्ट झाली.

त्याने हात उपसला. बाजरी चहूकडे उडाली. हात रिकामा होता, बोटावर बाजरीचा भुस्सा. त्याला आपल्या घशातून निघालेला आवाज ऐकू आला आणि तो आपला नाही असं वाटलं.

"अरे सांडतोस काय?" रविराज लंगडत आला.

कल्याणने बोट शालीला पुसलं. एक म्हणते परत नेऊ नका. एक म्हणतो परत न्या. धान्य असेल तर म्हातारी खरी. धान्य नसेल तर म्हातारा. आणि खाली जीपमध्ये एक पोर गार पडून झोपलीय आणि तिच्या आईला आपण शब्द दिलाय. आयुष्यात त्याला इतकं काहीच न कळण्याची वेळ कधी आली नव्हती. जे हातात धरून तोलता येतं तेच खरं, असं त्याचं सगळं आयुष्य होतं, आणि आता हातानेच दगा दिला होता.

"कल्या, माझं ऐक," रविराज म्हणाला. "माझा पाय असा. तू दमून पांढरा पडलायस. हे ओझं घेऊन शिड्या उतरायच्या म्हणजे जिवाशी खेळ. इथेच देऊन टाकू. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या प्रसादाला होईल. सविताताई पण खूश."

ते शहाणपणाचं होतं. भागूबाईही तेच म्हणाली होती, सविताताईही. तिघांविरुद्ध एक. पण खरं सांगायचं तर कल्याणने त्यातलं काहीच तोललं नाही. ती गोणी पुन्हा पाठीवर घ्यायची, तो श्वास पुन्हा मानेवर घ्यायचा, याची त्याला भीती वाटली. एवढंच कारण होतं.

"देऊन टाकू," तो म्हणाला.

देवळाशी बसणाऱ्या माणसाने पत्र्याचा मोठा डबा पुढे केला. दोघांनी गोणी धरून ओतली. बाजरी सळसळत गेली, शेवटी थोडा भुस्सा उडाला आणि वाऱ्याने दरीकडे नेला. गोणी झटकली. आत काही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. सविताताई.

"सर, उठली बगा! आत्ता, या मिंटाला उठली. बसलीय. बिस्कीट मागतीय."

"बरी आहे?" कल्याण ओरडला. "अंग गार आहे का अजून?"

"हाये थोडं. पन हुशार हाये. लई मोठ्यानं बोलतीय, कान किटले माझं."

कल्याण देवळाच्या पायरीवर मटकन बसला. त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि त्याने तो दोष वाऱ्यावर ढकलला. बरोबर केलं होतं. काय केलं होतं ते माहीत नव्हतं, पण बरोबर केलं होतं.

उतरताना रिकामी सॅक पाठीला लागतही नव्हती. शिड्यांवर त्याने रविराजला पुढे घालून आधार दिला. दोन-तीनदा सवयीने त्याचा हात मागे गेला, आणि तिथं काहीच न सापडून परत आला. म्हातारा वाटेत कुठे दिसला नाही. भागूबाई खोपटाच्या दारात उभी होती. तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं.

"सोडलं का?"

"सोडलं मावशी. तुम्ही म्हणालात तसं."

"बरं केलं," ती म्हणाली, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. हात कपाळाला लावून, डोळे बारीक करून, माथ्याकडे बघत होती.

बारीत पोचले तेव्हा दुपार कलली होती. वारा पडलेला. खाचरांतल्या पेंढ्याची काडी हलत नव्हती, कुठल्याशा घरातला धूर सरळ वर चालला होता. मोनिका जीपमध्ये मागच्या सीटवर बसून बिस्किटं खात होती. तिला बघताच कल्याणचा जीव भांड्यात पडला. त्याने दार उघडून तिला आधी बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी वर उचललं. हातांनी क्षणात सांगितलं: सतराला थोडी कमी. काल होती तेवढीच. त्याने तिला छातीशी धरलं आणि हसला, आणि मग दिवसभरात पहिल्यांदाच खळखळून हसला. रविराजने फोटो काढला.

पोर मात्र कुडकुडत होती. तिने दोन्ही हातांनी त्याची मान आवळली होती, तराजूच्या दोऱ्या धरल्या होत्या त्याहून घट्ट.

"हिला थंडी वाजतेय," तो म्हणाला, आणि तिला घेऊनच मागच्या सीटवर बसला. सविताताई पुढे बसल्या, रविराज लंगडत चालकाच्या जागी चढला. कल्याणने तिच्याभोवती शाल गुंडाळली.

"केस बांधून बांधून दमले मी हिचे," सविताताई म्हणाल्या. "ऱ्हातच न्हाईत."

मोनिकाचे केस उडत होते. कपाळावरून मागे, सगळे एकाच दिशेला, फडफडत. डोळे तिने बारीक केले होते आणि पापण्यांतून पाणी येत होतं. काच उघडी असेल म्हणून कल्याणने हात लांबवला. काच बंद होती. त्याने पलीकडची बघितली. तीही बंद होती. त्याने आपला तळहात तिच्या चेहऱ्यासमोर धरला. गाडीतली हवा दुपारभर तापून कोंदलेली होती, आणि त्याच्या हाताला काहीच लागत नव्हतं.

मोनिका वाकून जीपच्या तळाकडे बघत होती, फार खोल काहीतरी बघावं तशी. मग तिने त्याच्या कानाशी तोंड आणलं, आणि वाऱ्यात ऐकू जावं म्हणून ओरडतात तशी ओरडली.

"काका, खाली कधी जायाचं?"

"हे काय, निघालोच की!" म्हणत रविराजने किल्ली फिरवली, आणि जीप डोंगराकडे पाठ करून पाथर्डीच्या वाटेला लागली.